कासमभाईंची सत्तावीस नंबरची गाडी

गाडीत बसण्याआधी कासमभाई चपला काढायचे. दार उघडायचं, चपला जोडीनं वाळूत ठेवायच्या, बिस्मिल्ला म्हणून उजवा पाय आत टाकायचा. होडीत कुणी चपला घालून चढत नाही, मग गाडीत का चढायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. पण इंजिन सुरू झालं की त्या आवाजात माणूस स्वतःचं नाव विसरेल, तिथं चपलांची काय कथा! गाडी निघून जायची आणि चपला आमच्या दारात. मी त्या उचलून जिन्याखाली ठेवायची. संध्याकाळी तापलेल्या वाळूतून उड्या मारत ते न्यायला यायचे आणि खालूनच विचारायचे, "वहिनी, माझी जोडी हितंच राहिली काय?"

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिराती अजून व्हायच्या होत्या, दुबईच्या बाजारात रुपये चालत होते आणि पिण्याचं पाणी गाढवावरून घरी येत होतं. आज मनखूलला जिथं आपली मंडळी गॅलरीत कपडे वाळत घालतात, तिथं नुसती वाळू होती. आमचे हे एका बोटकंपनीच्या एजंटाकडे कारकून होते. बर दुबईत, खाडीजवळ, एका कापडवाल्याच्या दुकानावर आमची खोली होती. मोठ्या बोटी तेव्हा खाडीत शिरत नसत, बाहेर समुद्रातच नांगर टाकत. तिथून माल आणि माणसं बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालहोडीवर, उतरवून आत आणायची. अशा एका बार्जवर कासमभाई तांडेल होते, होडी हाकणाऱ्यांचे म्होरके.

मी लग्न करून आले तेव्हा मला बोटीवरून उतरवून घेतलं ते त्यांनीच. दोराची शिडी हलत होती, खाली बार्ज वरखाली होत होता, आणि माझ्या अंगावर लग्नातली जरीची साडी. माझा पाय काही उचलेना. खालून आवाज आला, "वहिनी, पान्याकडं बघू नका. माज्याकडं बघा. मी काय बघन्यासारखा नाय, पन पान्यापेक्षा बरा." सगळे हसले. भीतीनं मला नेहमी राग येतो, तसा तेव्हाही आला. त्या रागातच मी उतरले.

माणूस उंच, काळासावळा, चौकटीची लुंगी आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट. उन्हात डोळे मिचकावून मिचकावून डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडलेल्या. गाव दाभोळच्या खाडीच्या आतल्या अंगाला. मी रत्नागिरीची, त्यामुळे मला ते माहेरचं माणूस समजायचे. सुरमई मिळाली की अर्धी आमच्याकडे यायची, तीही साफ करून. 'खलास' हा शब्द तिकडं उठता-बसता कानांवर पडायचा, पण कासमभाईंच्या तोंडून तो कधी आला नाही. "खलास म्हनू नये वहिनी. दर्या ऐकतो." आपण तरी मीठ संपलं कुठं म्हणतो? वाढलं म्हणतो. त्यामुळे त्यांचं हे मला लगेच पटलं.

एक गोष्ट मात्र पटत नव्हती. बार्जवरची बाकीची माणसं जरा ओळख झाली की पाकिटातून बायकापोरांचे फोटो काढायची. कासमभाईंनी घरचा विषय कधी काढला नाही. घरी बायको आहे, रुकय्या तिचं नाव, एवढंच यांच्याकडून कळलं होतं. मी विचारलं तर म्हणायचे, "बरी हाय." आणि लगेच माशांकडे वळायचे. तीन-तीन वर्षं घर सोडून राहणारा माणूस निगरगट्ट होतो, असं मी मनात नक्की करून टाकलं होतं. माझी मतं तेव्हा फार लवकर नक्की होत.

कंपनीत एक इंग्रज इंजिनियर होता, हॅरिस नावाचा. त्यानं विलायतेहून बोटीनं एक गाडी आणली होती. गडद हिरवी, ठेंगणी, दोघांपुरती. तिचं नाव मला तेव्हाही उच्चारता येत नव्हतं. शर्यतीच्या ट्रॅकवर ती कित्येक वर्षं पळाली होती. दारावर पांढऱ्या गोलात सत्तावीसचा आकडा, बॉनेट चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेलं, डोक्यावर टप नाही, चालकाच्या मागं वाकवलेला लोखंडी दांडा. वजन कमी व्हावं म्हणून शेजारची सीट उपटून काढलेली. साहेबाची बदली झाली आणि गाडी विकायला निघाली, पण घेणार कोण? रस्ता असा दुबईत नव्हताच. वाळूत चालायची ती मोठ्या चाकांची जीप. कुणी फुकट घेतली असती की नाही, शंकाच होती.

कासमभाईंनी ती घेतली.

सौद्याच्या वेळी हे दुभाषी म्हणून गेले होते आणि मी गंमत बघायला. कासमभाईंनी बॉनेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. होडीचा तळ तपासतात तसे बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत गाडीभोवती फिरले. डाव्या बाजूला मागच्या चाकापाशी थांबले, पुन्हा वाजवलं. "हितं ठोकर लागलीय. भरून काढलंय." साहेब लाल झाला. म्हणाला, हो, एकदा वळणावर कठड्यावर आदळली होती. माणूस सज्जन होता. त्यानं सगळंच सांगून टाकलं. इंजिन दोनदा खोललंय. ब्रेक शर्यतीचे आहेत, तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, पहिला मैलभर जपून. आणि शेवटी म्हणाला, ट्रॅकवर झिजलेली गाडी माणसानं घरी नेऊ नये, कासम.

यांनी ते मराठीत सांगितलं. कासमभाई म्हणाले, "ज्या होडीला ठोकर नाय, ती खाडीभायेर गेलेलीच नाय. साहेबाला इचारा, मदीच कधी थांबली होती काय? शर्यत अर्धी टाकून?"

साहेबानं विचार केला. म्हणाला, आदळली त्या दिवशीसुद्धा रेषेपर्यंत पोचली होती.

"बस झालं," कासमभाई म्हणाले. पैशाचं बोलणं त्यानंतर उभ्याउभ्या उरकलं.

मग लोकांना हसायला एक विषयच मिळाला. कासमभाईंनी खाऱ्या हवेपासून रक्षण म्हणून गाडीला खालून मुशीचं, त्या दातेरी मोठ्या माशाचं, तेल चोपडलं, गावी होडीला चोपडतात तसं. त्या वासानं बर दुबईतली सगळी मांजरं गाडीखाली मुक्कामाला आली. सुरू करण्याआधी त्यांना हाकलण्याचा एक कार्यक्रमच असायचा. दारावरचा आकडा पुसा म्हटलं, तर म्हणाले, "बोटीला नंबर असतोच." आणि शेजारच्या रिकाम्या जागेत त्यांनी सीट बसवली नाही, तर एक फळी बसवली. जुन्या होडीच्या सागवानाची, कडा तासून गोल केलेली, वर कापसाची गादी शिवलेली. फळी गाडीच्या लांबीनं, निजायच्या बाकासारखी टाकलेली होती, पण मोठ्या माणसाला बसायला अवघड आणि निजायला फारच आखूड. मी म्हटलं, "कासमभाई, ही काय तुमच्या मांजरांसाठी?" ते हसले नाहीत. गादीवरची वाळू झटकली आणि दार लावून घेतलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दर शुक्रवारी नमाज झाला की ते गाडी घेऊन जबल अलीकडे जायचे. तिथं तेव्हा बंदर नाही, गोदाम नाही, काहीच नव्हतं. समुद्राच्या कडेनं मिठानं घट्ट झालेली सपाट जमीन लांबच लांब पसरलेली. एकदा आम्हालाही म्हणाले, यल्ला, चला. मी फळीवर गुडघे हनुवटीला लावून बसले. हे मागं त्या लोखंडी दांड्याला मिठी मारून. वाळूतून गाडी कण्हत-कुंथत निघाली, पण त्या टणक जमिनीवर चाकं लागली आणि तिनं जो वेग घेतला, तो मी जन्मात पाहिलेला नव्हता. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मागून यांनी मारुतीस्तोत्र सुरू केलं. मी कासमभाईंकडे पाहिलं. हौसेनं गाडी हाकणाऱ्याचा तो चेहरा नव्हता. ओठ मिटलेले, नजर पुढं, कुणाला तरी जबाबदारीनं पोचवायला निघाल्यासारखा.

एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवली. घड्याळात बघितलं. म्हणाले, "चिपळून आलं."

"कसलं चिपळूण?" मी केस आवरत म्हटलं.

"आमच्या वाडीपासनं चिपळूनचा डॉक्टर येवढाच लांब. आलो ना आपन?"

आणि मग इंजिन बंद करून, पुढच्या काचेकडे बघत, त्यांनी सांगितलं. जैनब नावाची मुलगी होती. एकुलती एक. नऊ वर्षांची झाली होती. घशाचा आजार झाला, श्वास घेता येईना. वाडीला रस्ता नव्हता, तेव्हा रुकय्यानं तिला होडीत घातलं. ओहोटी लागलेली. होडी वाटेत चिखलात रुतली ती रुतली. भरतीची वाट बघत सगळे बसून राहिले. भरती आली, पण मूल थांबलं नाही. "आनि मी तांडेल," कासमभाई म्हणाले. "बाप तांडेल, आनि पोर गाळात. मला हितं कळलं तवा तिचा चाळीसावा दिवस होऊन गेलेला."

यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कासमभाई म्हणाले, "पान्याचा भरवसा भरतीपुरता. जमिनीवर गाडी पायजे, आनि जोरात जानारी पायजे." ही गाडी ते कच्छी गलबतावर चढवून गावी नेणार होते. बोलणं झालं होतं.

मी स्वभावाप्रमाणे बोलून गेले, "पण कासमभाई, आता कुणासाठी?"

"वाडीत दुसरी पोरं हायत ना वहिनी."

हे म्हणाले की गाडी जमिनीपासून चार बोटं वर आहे, आणि तुमच्याकडे तर जांभ्या दगडातली पायवाट. तिच्यावर ही चालायची कशी? कासमभाई म्हणाले, "रस्ता होईल, इन्शाल्ला. रस्ता झाल्यावर मग काय गाडी शोधत फिरायचं?" येताना ते अगदी हळू आले.

रुकय्याबद्दल त्यांनी मला नंतर सांगितलं, एकदा जिन्याखालून चपला घेताना. जैनब गेल्यानंतर ती त्यांच्याशी बोललीच नव्हती. दोनदा ते रजेवर जाऊन आले. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पाहुणे आले की पदर सावरून चहा द्यायची. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायची, नाही तर कोंबड्यांना. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीतच. आमच्याकडची तरी काय वेगळी होती? इतकी वर्षं झाली, मी अजून यांचं नाव घेत नाही. त्या रितीआड एवढं मोठं मौन मावतं, हे मला त्या दिवशी कळलं. "एकदा शिव्या तरी द्यायला पायजे होत्या," कासमभाई म्हणाले.

गाडी कच्छी गलबतावर चढली नाही. त्याआधी रुकय्याच आली. वाडीतला एक माणूस रजेवर गेला होता, त्यानं गावात सांगितलं की कासम तिकडं वेडा झालाय, शर्यतीची गाडी घेतलीय आणि तिच्यात मेलेल्या पोरीसाठी बिछाना केलाय. ती कुणाला काही न बोलता मुंबईला गेली आणि ओळखीच्या कुटुंबाबरोबर बोटीत बसली. ती बोटीच्या शिडीवर दिसली तेव्हा कासमभाई बार्जवर खाली उभे होते. मला म्हणाले होते तसं ते तिला काहीच म्हणाले नाहीत. तिनं पाण्याकडेही पाहिलं नाही आणि त्यांच्याकडेही नाही. सरळ उतरली.

घरात बायकामाणूस म्हणून तिला पहिल्यांदा आमच्याकडेच आणलं. लहानखुरी, गोरटेली, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. माझ्याशी छान बोलली. माझ्या फोडणीत काय चुकतं तेही सांगितलं. दुपारी आम्ही खाली उतरलो. गाडी दारात उभी होती. कासमभाईंनी ती आदल्या दिवशी धुतली होती, तरी तेलाचा वास होताच. ते गाडीपलीकडे उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे.

रुकय्यानं दार उघडलं. फळी बघितली. मग मला विचारलं, "वहिनी, हे काय?"

मी कासमभाईंकडे पाहिलं. ते बोलतील असं दिसेना, म्हणून मीच म्हटलं, "जैनबच्या मापाची केलीय."

ती वाकली. गादीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, विती मोजत. सरळ झाली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली.

"तुमची जैनब पाच वरसांची होती. माजी नऊची होती. ती हिच्यात मावली नसती."

मला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं. कासमभाईंनी मुलीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. मधली एक रजा त्यांनी घेतलीच नव्हती. तोंडानं ते नऊ वर्षांची म्हणायचे, पण फळी तासताना हातांना आठवली ती पाच वर्षांची पोर. एवढ्या मायेनं केलेलं माप, आणि ते मुलीचं नव्हतंच.

कासमभाईंनी विचारलं, "केवढी होती?"

रुकय्यानं हात उचलला आणि आपल्या खांद्यापाशी, हवेत, तळवा आडवा धरला. ते गाडीला वळसा घालून आले आणि तिच्या हाताखाली आपला हात धरला. तिनं हात काढून घेतला तरी त्यांचा तिथंच होता. भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तो माणूस हवेत हात धरून उभा होता.

मग म्हणाले, "आनि केस?"

"कमरेपर्यंत. इंचरू द्यायची नाय."

"कुनासारखी दिसायची?"

"तुमच्यासारखी. काळी," रुकय्या म्हणाली आणि मटकन गाडीच्या उघड्या दारात बसून रडायला लागली. मी वर निघून आले आणि मीही रडले. आणखी काय करणार होते?

पुढं महिनाभर रोज संध्याकाळी ती गाडी खाडीकाठी उभी दिसायची. चालवत नसत. ते चालकाच्या जागेवर, ती त्या फळीवर पाय दुमडून, आणि ती त्यांना मुलगी सांगत असायची. चिंचा कुठं लपवायची, मदरशातून पळून कुठं जायची, कुठल्या बकरीला काय नाव ठेवलं होतं. कधीकधी भांडणही ऐकू यायचं. एकदा रुकय्या चढ्या आवाजात म्हणाली, "तवा कुठं होता तुमी?" पण दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा तिथंच होती. माझ्या खिडकीतून मी त्यांच्याकडे बघायची. त्या महिन्यात मी यांच्याशी फार कमी भांडले.

महिना झाल्यावर कासमभाईंनी नोकरी सोडली. लोक म्हणाले, दुबईला आता कुठं दिवस येतायत आणि हा चालला. गाडी शारजाच्या एका गॅरेजवाल्यानं नेली. बार्जवरून बोटीवर चढताना कासमभाईंनी मला सांगितलं, "वहिनी, दर्या लय झाला. आता तिच्याजवळ बसतो." तिच्याजवळ म्हणजे रुकय्याजवळ की वाडीबाहेरच्या त्या लहान कबरीजवळ, ते मी विचारलं नाही. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. आम्ही रजेवर गावी गेलो तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या वाडीला जाऊन आले. चिपळूणपासून रस्ता अर्ध्यापर्यंत झाला होता, पुढं पायवाटच होती. रुकय्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मला बघून हसली, आत नेलं, पाणी दिलं. कासमभाईंना कावीळ झाली होती, ताप उतरलाच नाही, असं म्हणाली. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं, आणि जे आठवायचं ते भलतंच. जैनबला पोहायला आपणच शिकवलं म्हणायचे. बकरी हरवली तेव्हा रात्रभर आपणच शोधत होतो म्हणायचे. जे जे हिनं त्या गाडीत बसून सांगितलं होतं, तिथं तिथं आता ते स्वतः हजर होते.

"तुम्ही काय म्हणायचात मग?" मी विचारलं.

"मी कशाला काय म्हनू? होते म्हनायची."

ती परत अंगणात येऊन सोलं सारखी करू लागली. मग माझ्याकडे न बघता सांगितलं, "शेवटल्या दिवशी सकाळी माजा हात धरला. म्हनाले, रुकय्या, मी गाडी लय जोरात काढली गं. पोचली ना पोरगी डॉक्टरकडं?"

"आणि?"

"म्हटलं, पोचली. तुमीच आनलीत. वेळेवर पोचली."